सहाचा थेंब

जगात चांगल्या डोळ्यांचा माणूस मुळी नाहीच, काहींचे तपासायचे राहून गेलेत एवढंच, असं मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आणि तो अकोल्याला आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात राहतो. सगळी गल्ली त्यांना नंबरवाले काका म्हणते. पातूरकडच्या सरकारी दवाखान्यांत डोळे तपासायची त्यांची नोकरी होती. आता ते निवृत्त आहेत, म्हणजे पगार थांबला, तपासणं थांबलेलं नाही. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. नंबर मात्र एकदा काढला की कायमचा डोक्यात बसतो. भाजीवाली त्यांच्या लेखी 'प्लस दोन', कोपऱ्यावरचा शिंपी 'तिरपा', कारण त्याला तिरप्या रेषा धूसर दिसतात, आणि मी 'सव्वातीन'. पन्नाशी जवळ आली माझी, पण त्यांच्या तोंडून मी माझं नाव कधी ऐकलेलं नाही. आठ वर्षांची होते तेव्हा मी 'दीड' होते, मग 'दोन' झाले, मग 'अडीच', आणि कॉलेजात जाईपर्यंत सव्वातीन. दर वेळी नंबर वाढला की आई कपाळाला हात लावायची आणि काका मला बढती मिळाल्यासारखे हात मिळवायचे.

मला 'दीड' केलं ती हकीकत सांगायलाच हवी. शाळेत मी मठ्ठ म्हणून प्रसिद्ध होते. गुरुजी फळ्यावर तीन लिहीत आणि मी वहीत आठ उतरवी, मग गणित चुके, मग छडी. एका रविवारी काकांनी मला त्यांच्या पायरीवर बसवलं, नाकावर ती लोखंडी जड चौकट चढवली आणि भिंगांच्या पेटीतून एकेक काच काढून तिच्यात सरकवू लागले. "पहिलं बरं का दुसरं?" मी म्हटलं, दुसरं. आणि मान वर केली तर काय, चिमण्या तारेवर बसलेल्या! मला तोवर वाटायचं, पाखरं दमली की हवेतच रांगेनं बसतात. तार कधी दिसलीच नव्हती. आई धावत आली. पोरीच्या जातीला चष्मा म्हणजे पुढं लग्नाचं काय, आणि एकदा लावला की नंबर वाढतच जातो म्हणे, असं तिचं सुरू झालं. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, चष्म्यानं नंबर वाढत नाई अन् न लावल्यानं कमी होत नाई. पोरीचा डोयाच जरासा लांबट हाये, चित्र पडद्याच्या अल्याड पडते. भिंग लावलं का बराबर पडद्यावर जाते. एवढीच गोष्ट हाये. गाजरं चारा, मध चारा, डोया काही आखूड होत नाई." त्या मठ्ठ पोरीचे आज अमरावतीला राजापेठेत गणिताचे क्लास आहेत.

काकांचं घरही असंच. भाड्यानं घेताना माणसं नळ पाहतात, ऊन पाहतात. काकांनी वीस फूट पाहिले. अक्षरांचा तक्ता वीस फुटांवरून वाचायचा असतो, आणि खोल्या तर दहा-दहा फुटांच्या. मग त्यांनी असं घर शोधलं की ज्याची दोन दारं एका रेषेत आहेत. तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि तपासायचा माणूस बाहेरच्या पायरीवर. दुपारी कुणी पायरीवर बसून "न, प, र" असं ओरडत असलं आणि आत काका फोडणी देत असले, तर आमच्या गल्लीत कुणी मान वळवून पाहत नाही. त्या फोडणीनं तक्ता पिवळा पडून गेला होता.

त्यांचा एक हट्ट मात्र पोरांच्या आया फार मनावर घेत. लहान पोर दिसलं की काका त्याच्या एका डोळ्यावर तळहात ठेवणार आणि दुसऱ्यानं काय दिसतं ते विचारणार, मग तो डोळा झाकणार. बारशात झाकले, लग्नाच्या पंगतीत झाकले, एका तेराव्याला सुद्धा झाकले आणि तिथून त्यांना जवळजवळ हात धरून बाहेर काढलं. यामागचं कारण ते कुणाला सांगत नसत. मला माहीत होतं. काकांचा स्वतःचा उजवा डोळा पहिल्यापासून कामाचा नाही. बाहेरून चांगला दिसतो, हलतो, मिचकतो, पण त्याला मोठा नंबर होता आणि लहानपणी कुणाला कळलाच नाही. मेंदूनं मग त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात त्याला. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशाला कामाला लावता येतं, नंतर फार कठीण. काकांचा सापडला विसाव्या वर्षी, हे काम शिकायला गेले तेव्हा. शिकवणाऱ्यानं सहज डावा डोळा झाकला आणि काकांना तक्ताच काय, भिंत सुद्धा धड दिसेना. म्हणजे सगळं आयुष्य त्यांनी एका डाव्या डोळ्यावर काढलं. "तुम्हाले एक गेला तं दुसरा स्टेपनी हाये," ते म्हणायचे, "मले स्टेपनीच नाई."

पण त्या एका डोळ्यानं त्यांनी जेवढं पाहिलं तेवढं आमच्या घरात चार डोळ्यांनी कुणी पाहिलं नसेल. एकदा गल्लीतली माणसं मिळून सेमाडोहच्या जंगलात गेली होती. माझ्या वडिलांना तिथं लांब झुडपात वाघ दिसला. पट्टे दिसले, शेपूट दिसली, शेवटी त्यानं जांभई दिली तीही दिसली. गाडीतले सगळे श्वास रोखून बसले. काका म्हणाले, "भाऊ, थो गोटा हाये. अन् तुम्हाले मायनस दोन हाये." वडील चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात गुपचूप पायरीवर जाऊन बसले आणि चष्मा घेऊन आले, पण वाघाचा गोटा त्यांनी अखेरपर्यंत कबूल केला नाही.

"पहिलं बरं का दुसरं?" हा प्रश्न तर काकांच्या जिभेला असा चिकटलाय की आंबे घेताना, धोतरजोडी घेताना, डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या तर त्या घेतानाही तो निघतोच. शेजारच्या मुलीला पाहायला मंडळी आली होती, तेव्हा माणसं कमी पडतात म्हणून काकांना बोलावलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीला चष्मा-बिष्मा नाही ना? बस. काका उठले, घरून छोटा तक्ता आणला आणि मुलालाच अंगणात उभं केलं. मुलाला तिसरी ओळ वाचता येईना. त्याच्या वडिलांना वर्तमानपत्र हात लांब करूनही दिसेना, म्हणजे चाळिशी कधीच लागलेली, लाजेनं लपवलेली. लग्न जमलं ते जमलंच, आणि वरात निघाली तेव्हा नवरा, नवरी आणि सासरा अशा तिघांच्या नाकावर चष्मे होते. माझ्यासाठी दोन स्थळं आली तेव्हा काकांनी मलाही विचारलं, "पहिलं बरं का दुसरं?" मी म्हटलं, काका, दोन्ही सारखीच दिसतात. तर म्हणाले, "मंग थांब, भिंग बदलून पाहू." ते भिंग काही मिळालं नाही. त्याबद्दल मला दुःख नाही, निदान रोज नाही.

काकांचंही लग्न झालं नाही. त्यांच्या बाबतीत मात्र घोळ त्यांनी स्वतःच घातला. मुलगी पाहायला गेले की पोहे येण्याच्या आत ते सांगून मोकळे व्हायचे, माझा एकच डोळा चालतो म्हणून. अहो, कुणाला दिसत नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं! "तीन ठिकानी सांगतलं," ते मला एकदा म्हणाले, "तीनही ठिकानी चहा पेलो अन् आलो." मी हसले. तेही हसले. पण नंतर बराच वेळ ते पेटीतल्या काचा पुसत बसले, पुसलेल्याच पुन्हा.

आता खरी गोष्ट. मागच्या दिवाळीत मी अकोल्याला गेले. आई-वडील गेल्यापासून आमचं घर बंद असतं, पण दिवाळीत एकदा दार उघडावं म्हणून जाते आणि चहा काकांकडे घेते. काकांनी चहा गाळला तो अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. दारात उभी राहिले तर "कोन?" म्हणाले, आणि मी बोलल्यावर "हां, सव्वातीन" असं म्हणून सावरून घेतलं. दिवसाउजेडी घरात दोन दिवे चालू. रस्त्यावरची गाडी समोर आली की डोळ्यांत उजेड फुटतो म्हणून सायंकाळी बाहेर पडणं बंद. मी काही या विषयातली नाही, पण चाळीस वर्षं या माणसाचं ऐकलंय. मोतीबिंदू पिकत चाललाय हे मला पायरीवरूनच कळलं. "काका, डोळा दाखवला का कुणाला?" "मले काय धाड भरली?" असं म्हणून ते दूध आणायला निघून गेले.

ते येईपर्यंत म्हटलं जरा आवरावं. तो तेलकट तक्ता काढला, पुसायला खाटेवर ठेवला आणि रिकामा खिळा वाईट दिसतो म्हणून किराणा दुकानाचं नवं कॅलेंडर तिथं अडकवलं. काका आले, आणि मी पुन्हा तोच विषय काढला. मग आमचं भांडणच जुंपलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली, तरातरा जाऊन पायरीवर बसले, तळहातानं उजवा डोळा झाकला, आणि "घे, तुहं समाधान होऊ दे" म्हणून सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. खडा आवाज, न अडखळता, थेट तळाच्या बारीक ओळीपर्यंत, "न, प, र, ट, ग!" मी दोन दारांच्या मध्ये दुधाची पिशवी धरून उभी. मला वाटलं, अरे, आपलंच चुकलं. सहज मागं वळून पाहिलं, तर भिंतीवर गणपती.

"काका," मी म्हटलं, "तक्ता तं खाटेवर हाये."

काकांचा तळहात डोळ्यावरून खाली आला. "मंग तिथं काय हाये?"

"कॅलेंडर हाये. गनपती."

त्यांनी तळहात धोतराला पुसला. मग म्हणाले, "त्याले नमस्कार कर अन् चहा ठेव."

मला हसू आवरेना. ओट्याशी उभी राहून हसले, आणि हसता हसता एकदम रडू फुटलं. चाळीस वर्षं रोज तोच तक्ता पाहून त्यांना तो पाठ झाला होता आणि त्या पाठांतरावर ते स्वतःलाच पास करत आले होते. किती महिने? चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते आपणहून बोलू लागले. हजारो लोकांना यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाठवलं, हाताला धरून गाडीत बसवलं, "पंधरा मिनिटांचं काम, जुनं गढूळ भिंग काढतात, नवं बसवतात" असं सांगितलं. ते सगळं खरंच होतं. "पन त्यायले दोन होते व," काका म्हणाले. "माहा हा बिघडला तं मंग मी अंधारात. अन् अंधारात मले चहा कोन देईल?" आणि मग त्यांनी ते सांगितलं. दोनदा ते दवाखान्यापर्यंत जाऊन आले होते. कागद भरताना खिडकीतल्या बाईनं विचारलं, सोबत कोण आहे? एकदा म्हणाले, येऊन राह्यले, मागून. दुसऱ्या वेळी काही सुचलं नाही म्हणून उठून आले. मी म्हटलं, "मले फोन कराले काय झालं होतं?" तर म्हणाले, "तू अमरावतीले. तुहे क्लास." राग आला मला त्यांचा. त्यांच्यापेक्षा माझा जास्त आला, कारण मी वर्षातून एकदा चहाला येत होते आणि त्यालाच नातं म्हणत होते.

पुढच्या महिन्यात मी त्यांना घेऊन गेले. सोबत कोण, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, नात्यासमोर 'पुतणी' लिहिलं. काकांनी डॉक्टरबाईंना ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या चार सूचना दिल्या असं नंतर कळलं. तासाभरात बाहेर आले ते डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. म्हणजे आता पूर्ण अंधार. सकाळी पट्टी निघणार होती, पण ती सकाळ यायला वेळ होता. एवढा बोलका माणूस, खाटेवर हात जुळवून बसून होता. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "कोनी हाये काय?" मी म्हणायची, मी हाये. "हो, माहीत हाये. विचारून पाह्यलं." पुन्हा दहा मिनिटांनी तेच. शेवटी मी पुस्तक वाचायचं सोडून नुसती खाट अधूनमधून हलवत राहिले, म्हणजे त्यांना कळावं.

सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी निराळाच तक्ता लावला. काकांनी खालून दुसरी ओळ वाचली, खरीखुरी, अडखळत. मग माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले. "सव्वातीन," ते घाबरून म्हणाले, "तुहे केस पांढरे झाले व! कधी?" मी म्हटलं, झाले काका, हळूहळू. त्यांना फार वाईट वाटलं. घरी जाईपर्यंत रिक्षात ते माझ्या केसांकडेच बघत होते.

ऑपरेशन सोपं, पण थेंब कठीण. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, असे दीड महिना. आणि दहावीच्या मुलांची पूर्वपरीक्षा तोंडावर, मला राजापेठेत परतणं भाग. चार दिवस मी घातले. नंतर काका एकटे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत अचूक थेंब सोडणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्यात सोडताना बाटली दिसली की डोळा मिटायचा. थेंब कानात, नाकावर, उशीवर. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. फोन भिंगांच्या पेटीला टेकवलेला, काका आडवे, बाटली वर. "पाह्य बरं, नीट येते काय." मग मी अमरावतीहून सूचना करायची, जरा डावीकडे, काका, वर, अजून, हां, सोडा. "पडला काय?" "पडला." मग एक मिनिट डोळा मिटून पडायचं असतं, तेवढं मिनिट मी फोन धरून बसायची. संध्याकाळी सहाचा थेंब क्लासमध्येच यायचा. पहिल्या दिवशी मुलं खुसखुसली. आठवड्यानं मी फळ्यावर समीकरण अर्धवट सोडून फोन उचलला की सगळा वर्ग मान वर करून बघायचा आणि थेंब बरोबर पडला की "पडला!" म्हणून एकसुरात ओरडायचा. काका पलीकडून विचारायचे, त्यात मायनस किती आहेत?

थेंबांचं वेळापत्रक मीच करून दिलं होतं, म्हणून शेवटची तारीख मला पाठ होती. डॉक्टरबाईंनी शेवटच्या तपासणीत सांगितलं, डोळा छान आहे, आता काही नको. काकांनी मला फोन करून ते सांगितलं, मोठ्या आनंदानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाला वर्गात मी घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःलाच म्हटलं, चला, सुटलो. आणि फोन वाजला. काका आडवे, बाटली वर. "पाह्य बरं, नीट येते काय." बाटलीत काही नव्हतं, ते मला फोनमध्येही दिसत होतं. बाटली दाबल्यावर नुसती फुस्स झाली. मी म्हटलं, "पडला, काका." त्यांनी डोळा मिटला. मी मिनिटभर फोन धरला. वर्गातल्या एका मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत डोकं घातलं.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. सहाचा थेंब रोज पडतो. सकाळचे, दुपारचे त्यांनी शिस्तीत बंद केले, हा एक तेवढा ठेवला. मी कधी त्यांना विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मागच्या गुरुवारी मात्र सहा वाजले, सव्वासहा झाले, फोन आला नाही. वर्ग सोडला, तोंड धुतलं, गच्चीवर जाऊन आले. राजापेठेत एवढी गर्दी, एवढे हॉर्न, आणि माझ्या दोन खोल्यांत पंख्याचा आवाज. पावणेसातला मीच फोन लावला. त्यांनी उचलला, कुणाचे तरी डोळे तपासत होते बहुतेक, किंवा तसं म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "आजचा थेंब राह्यला."

 पलीकडे खाट करकरली.

"हो व," काका म्हणाले. "थांब, आडवा होतो."